परदेशातल्या निवासी शाळेत आर्थिक मदतीसह अर्ज कसा करायचा: कोल्हापूरच्या पालकांसाठी

मूल सातवी-आठवीत आहे, हुशार आहे, वाचनाची गोडी आहे. कुठूनतरी त्याला अमेरिकेतल्या निवासी शाळांची माहिती मिळाली आणि घरात विषय निघाला. वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, घरची थोडी शेती, आई दूध घालते. अशा घरातून असा अर्ज होऊ शकतो का? होऊ शकतो. वाट अरुंद आहे, पण आहे. ती पायरीपायरीनं कशी चढायची ते इथे लिहितो. बहुतेक पालक आधी प्रवेश आणि नंतर पैसे असा विचार करतात. तुम्ही उलटं करा. या अर्जात पैशांचा प्रश्न पहिला येतो आणि शाळांची यादीसुद्धा त्यावरूनच ठरते.

पहिली पायरी: खर्च नीट समजून घ्या

अमेरिकेतल्या नावाजलेल्या निवासी शाळांत शिक्षण, राहणं आणि जेवण मिळून वर्षाला ७०,००० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त खर्च येतो. शिवाय विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, लॅपटॉप, थंडीचे कपडे, पुस्तकं. आपल्या रुपयांत हा आकडा दर वर्षी अर्ध्या कोटीच्या पुढे जातो आणि नववीपासून धरलं तर अशी चार वर्षं. कर्ज काढून हे करायचं नाही, हे आजच घरात ठरवून टाका. बँकांची शैक्षणिक कर्जं मुख्यतः उच्च शिक्षणासाठी असतात आणि शाळेसाठी जमीन गहाण टाकण्यात काहीच शहाणपण नाही.

आणखी एक प्रश्न कायम विचारला जातो: राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे ना? आहे, पण ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी मिळते. शाळेसाठी तिचा उपयोग नाही.

म्हणजे पैसे द्यायचे ते शाळेनंच. या शाळांकडे देणग्यांतून जमलेला मोठा निधी असतो आणि त्याच्या उत्पन्नातून त्या गरजू मुलांची फी भरतात. ही मदत परत करायची नसते. कुटुंब वर्षाला किती देऊ शकतं याचा शाळा हिशोब लावते आणि उरलेली रक्कम स्वतः उचलते. मार्कांवर मिळणारं बक्षीस हे नव्हे. मुलाला ९५ टक्के आहेत म्हणून फी माफ, असं या शाळांत सहसा होत नाही. गरज किती आहे, त्यावर मदत ठरते.

काही पालकांना मदत मागायचा संकोच वाटतो. कोल्हापूरकरांना तो वाटायचं कारण नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्यानंतर शाहू महाराजांनी जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या, अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली किंवा उभी राहायला हात दिला. दसरा चौकाच्या परिसरात त्यांतली काही आजही दिसतात. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनच्या शिक्षणालाही महाराजांनी मदत केली होती. हुशार मुलाच्या शिक्षणाचा भार दुसऱ्या कुणीतरी उचलणं ही आपल्या गावाला नवी गोष्ट नाही. मान ताठ ठेवून मागा.

दुसरी पायरी: कुठल्या शाळा खरोखर मदत देतात ते शोधा

इथे वेळ घालवा, कारण अर्ज इथेच फसतो किंवा तरतो. प्रत्येक शाळेच्या संकेतस्थळावर आर्थिक मदतीचं पान असतं. त्यावर फक्त एक गोष्ट शोधायची: परदेशी नागरिक असलेल्या मुलांना मदत मिळते का? काही शाळा स्पष्ट लिहितात की मदत फक्त अमेरिकन नागरिकांना. काही लिहितात की परदेशी मुलांसाठी निधी फार मर्यादित आहे. काहीच लिहिलं नसेल तर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल करा: आम्ही भारतात राहतो, भारतीय नागरिक आहोत, आम्हाला जवळपास पूर्ण मदत लागेल, अशा मुलांना तुम्ही मदत देता का? ते उत्तर देतात आणि बहुधा सरळ देतात. नकार आला तर ती शाळा यादीतून काढा. त्यामुळे तुमची अर्जाची फी आणि मुलाचा वेळ दोन्ही वाचलं.

शाळांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या प्रकारात प्रवेशाचा निर्णय घेताना कुटुंबाची ऐपत पाहतच नाहीत. मॅसॅच्युसेट्समधली फिलिप्स अकॅडमी, अँडोव्हर, ही १७७८ सालची शाळा या धोरणासाठी ओळखली जाते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बहुतेक शाळांत, किती मदत लागेल हे निर्णय घेताना पाहिलं जातं. तिथे दोन सारख्या मुलांत ज्याला कमी मदत लागते त्याचं पारडं जड होतं. हे कठोर वाटेल, पण निधी मोजका असला की असंच होतं. या धोरणांत बदल होत असतात, म्हणून अर्जाच्या वर्षी त्या त्या शाळेचं पान पुन्हा वाचा.

मग एक मोह होतो: आत्ता मदत मागायची नाही, प्रवेश मिळाला की बघू. असं करू नका. परदेशी मुलानं पहिल्या अर्जात मदत मागितली नसेल तर पुढे मागता येणार नाही, असा नियम कित्येक शाळांत आहे. प्रवेश हातात येईल आणि फी भरता येणार नाही.

सरकारी शाळांचा विचार असेल तर तोही सोडा. अमेरिकेत परदेशी मुलाला विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं आणि त्याचा पूर्ण खर्च स्वतःला भरावा लागतो.

मुळशीची शाळा विसरू नका

माझं स्पष्ट मत आहे की कोल्हापूरच्या साधारण उत्पन्नाच्या घरानं सगळ्यात आधी युनायटेड वर्ल्ड कॉलेज, म्हणजे यूडब्ल्यूसी, पाहावं. या संस्थेची पहिली शाळा १९६२ साली वेल्समध्ये निघाली. आता चार खंडांत तिच्या शाळा आहेत आणि त्यांतली एक आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे आहे. यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज ही ती शाळा, १९९७ साली सुरू झालेली. महामार्गानं पुणे आणि तिथून पुढे मुळशी. मुलाला घेऊन एकदा तिथला परिसर पाहून या. त्याआधी शाळेला कळवून परवानगी घ्या.

इथे दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असतो, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या जागी. निवड मुख्यतः प्रत्येक देशाची राष्ट्रीय समिती करते. भारतातल्या मुलांनी यूडब्ल्यूसीच्या भारतीय समितीकडे अर्ज करायचा. निवड झाली तर मुळशीला किंवा परदेशातल्या एखाद्या शाखेत जागा मिळते. मुलाची निवड आधी होते आणि कुटुंबाच्या गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती नंतर ठरते. बारावीच्या तोडीचं शिक्षण म्हणून आयबी डिप्लोमाला भारतात मान्यता आहे. शिवाय यूडब्ल्यूसीतून शिकलेल्या मुलांना अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत डेव्हिस शिष्यवृत्तीचा आधार मिळतो. ती योजना २००० सालापासून चालू आहे.

अर्ज साधारणपणे दहावीच्या वर्षात करायचा असतो आणि नेमक्या तारखा भारतीय समितीच्या संकेतस्थळावर दर वर्षी जाहीर होतात. दहावीचं वर्ष, बोर्डाचा अभ्यास आणि हा अर्ज एकदमच येतं. म्हणून निबंधांची तयारी नववीच्या उन्हाळ्यात सुरू केलेली बरी.

एक सावधगिरी. मुलाला पुढे भारतातच डॉक्टर व्हायचं असेल तर आयबीत विषय निवडतानाच फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी तिन्ही मिळतील का, ते विचारा. नीटसाठी ते लागतात. आणि आयआयटीच नक्की असेल, तर ही सगळी वाट तुमच्यासाठी नाही. असं म्हणण्यात काही वाईट नाही.

तिसरी पायरी: इयत्ता आणि वेळापत्रक

अमेरिकेतल्या शाळा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात सुरू होतात. हायस्कूल नववी ते बारावी. सगळ्यात जास्त जागा नववीला, त्याखालोखाल दहावीला. अकरावीला थोड्या. बारावीला जवळजवळ नाहीतच. मदत हवी असेल तर नववी किंवा दहावीचंच पाहा. मुलगी आत्ता आपल्याकडे नववीत असेल आणि तिथे पुन्हा नववीलाच गेली, तरी त्यात कमीपणा नाही. परदेशातून येणारी पुष्कळ मुलं एक इयत्ता पुन्हा करतात.

वर्षभराचा क्रम असा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांची यादी आणि ईमेल. जून ते ऑगस्टमध्ये पासपोर्ट, दाखले, नावांची दुरुस्ती. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये परीक्षा आणि मुलाखती. दिवाळीच्या सुट्टीत निबंध. डिसेंबरात शिक्षकांची शिफारसपत्रं. बहुतेक शाळांची अर्जाची मुदत १५ जानेवारी ते १ फेब्रुवारीच्या दरम्यान संपते आणि आर्थिक मदतीच्या फॉर्मची मुदतही त्याच सुमारास. निकाल १० मार्चला, होकार कळवायची मुदत १० एप्रिल. या दोन तारखा बऱ्याच शाळांत एकच असतात.

अर्ज एकाच ठिकाणी भरून अनेक शाळांना पाठवता येतो, त्यासाठी सामाईक अर्जाच्या सोयी आहेत. काही शाळांचे स्वतःचे फॉर्म असतात. अर्जाची फी परदेशी मुलांना जास्त असते. ती माफ करून मिळते, पण मागावी लागते, तेव्हा ईमेलमध्ये ते नक्की विचारा. पाच-सहा शाळा आणि यूडब्ल्यूसी एवढं पुरे. वीस शाळांना अर्ज टाकले तर एकाही निबंधात जीव राहत नाही.

चौथी पायरी: नाव एकसारखं करा

हे क्षुल्लक वाटतं, पण आपल्याकडे याच्याइतका वेळ खाणारं दुसरं काम नाही. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर आडनाव पहिलं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं. परदेशी शाळेच्या फॉर्ममध्ये नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन वेगळे रकाने असतात. पासपोर्टवर जे असेल तेच सगळीकडे जाईल, हा नियम धरा. म्हणून पासपोर्ट काढण्याआधीच जन्मदाखला आणि आधार जुळवून घ्या. कोल्हापुरात पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या संमतीचं ठराविक पत्र लागतं. वडील बाहेरगावी असतील तर त्यांची सही आधीच घेऊन ठेवा.

मार्कांची पत्रकं गेल्या दोन-तीन इयत्तांची लागतात. मराठी माध्यमाच्या प्रगतिपुस्तकावर अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी असतात. त्याचं इंग्रजी भाषांतर शाळेच्या लेटरहेडवर करून मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्या आणि तळाशी श्रेणींचा अर्थ लिहा: अ-१ म्हणजे ९१ ते १०० टक्के, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, ब-१ म्हणजे ७१ ते ८०. एवढी तळटीप नसली तर तिकडच्या माणसाला ब-१ म्हणजे काय ते कळणार नाही. वर्गात किती मुलं आहेत, शाळा कुठल्या बोर्डाची आहे, हेही दोन ओळींत येऊ द्या. साठ मुलांच्या वर्गात शिकलेलं मूल आणि बारा मुलांच्या वर्गात शिकलेलं मूल यांच्यातला फरक वाचणाऱ्याला दिसला पाहिजे.

पाचवी पायरी: आर्थिक फॉर्म

इथे थांबून वाचा. निबंध मुलाचा असतो, हा फॉर्म तुमचा. बहुतेक शाळा हा फॉर्म बाहेरच्या एखाद्या सामाईक सेवेमार्फत भरून घेतात. कुठली सेवा ते शाळाच सांगते. तो पगारदार अमेरिकन कुटुंब डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. आपलं घर त्यात सरळ बसत नाही, म्हणून ते समजावून सांगावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. करवीर तालुक्यातलं घर. वडिलांचा फाउंड्रीतला पगार, आजोबांच्या नावावर तीन एकर ऊस, आईच्या दोन म्हशी.

पगार सोपा आहे: फॉर्म १६, आयकर विवरणपत्र आणि बँकेचं खातं. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरलेलं असावं. एक ध्यानात ठेवा, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. कुठल्या वर्षाचे आकडे दिले ते स्पष्ट लिहा. फॉर्म कुठल्या चलनात भरायचा आहे तेही आधी पाहा. रुपयांचे आकडे डॉलरच्या रकान्यात गेले तर तुम्ही कोट्यधीश दिसाल.

ऊस अवघड आहे. समजा एकरी ४० टन पडला आणि टनाला ३,२०० रुपये मिळाले, तर तीन एकरांचं बिल ३,८४,००० रुपये. हे वार्षिक उत्पन्न म्हणून लिहिलं तर ते दोन ठिकाणी चुकतं. एक म्हणजे त्यातून बियाणं, खत, पाणीपट्टी, भांगलण आणि मजुरी जाते, आणि सोसायटीचं पीककर्ज बिलातूनच वळतं होतं. दुसरं म्हणजे आडसाली ऊस जवळपास दीड वर्ष शेतात असतो. तेव्हा ती रक्कम बारा महिन्यांची नव्हेच. यावर उपाय एकच: गेल्या तीन हंगामांची कारखान्याची बिलं घ्या, खर्च वजा करा आणि तीन वर्षांची सरासरी काढून ती द्या. सोबत सोसायटीचा कर्जाचा उतारा जोडा. २०१९ किंवा २०२१ सारख्या पुरात ऊस कुजला असेल तर त्या वर्षीचा पंचनामा आणि मिळालेली भरपाईही दाखवा. शेतीच्या उत्पन्नावर भारतात आयकर नाही, म्हणून ते विवरणपत्रात करपात्र म्हणून दिसत नाही. ही एक ओळ लिहिली नाही, तर उत्पन्न लपवलं असा समज होऊ शकतो.

दुधाचं बिल दर दहा दिवसांनी संस्थेतून मिळतं. वर्षभराच्या चिठ्ठ्या किंवा संस्थेच्या सचिवांचं पत्र चालतं. पेंड आणि वैरणीचा खर्च इथेही वजा करून दाखवा.

मग मालमत्ता. शहराला लागून असलेल्या तीन एकरांची बाजारभावानं किंमत काढली तर आकडा डोळे पांढरे करणारा येतो. तो पाहून तिकडचा माणूस म्हणेल, हे विका आणि फी भरा. इथे खोटं लिहायचं नाही आणि घाबरायचंही नाही. सात-बारा आणि आठ-अ जोडा. जमीन कुणाच्या नावावर आहे, वारस किती, तुमचा वाटा किती, ते लिहा. किंमत सरकारी दरानं काढली की बाजारभावानं, तेही सांगा. तीच जमीन घराचं पोट भरते, हे स्पष्ट करा. सोनं असेल तर तेही सांगा.

या सगळ्यासोबत एक पानी पत्र जोडा. आधी मराठीत लिहून काढा, मग भाषांतर करा. सूर असा असू द्या:

"आमच्या कुटुंबाची तीन एकर शेती माझ्या वडिलांच्या नावावर आहे. त्यात आम्हा दोन भावांचा आणि एका बहिणीचा सारखा वाटा आहे. या शेतीतून खर्च वजा जाता गेल्या तीन वर्षांत सरासरी इतके रुपये मिळाले, त्यातला आमच्या घराच्या वाट्याला एक तृतीयांश येतो. घरात माझे आई-वडील आमच्याबरोबर राहतात आणि वडिलांच्या औषधांचा महिन्याचा खर्च इतका आहे. मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही वर्षाला इतके रुपये नक्की देऊ शकतो. याहून जास्त देणं आम्हाला शक्य नाही."

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. काहीच देऊ शकत नाही असं लिहू नका. मूल घरी असतं तरी त्याच्या जेवणाचा, वह्यांचा, शिकवणीचा खर्च झालाच असता. तेवढी तरी रक्कम प्रामाणिकपणे सांगा. ती लहान असली तरी तिच्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला महा ई-सेवा केंद्रातून काढून ठेवा, पण त्यातला आकडा आणि फॉर्ममधला आकडा जुळतो का ते पाहा. शिष्यवृत्तीसाठी दाखल्यावर उत्पन्न कमी दाखवायची सवय काही घरांत असते. इथे ती अंगाशी येईल, कारण दोन कागद एकाच टेबलावर वाचले जातात.

सहावी पायरी: परीक्षा

यावर फार लिहायची गरज नाही. निवासी शाळांसाठी एसएसएटी नावाची परीक्षा असते: शब्दसंग्रह, गणित, उताऱ्यावरचं आकलन आणि एक लेखन. हायस्कूलला जाणाऱ्या मुलांसाठीच्या वरच्या पातळीवर विभागांचे मिळून गुण १,५०० ते २,४०० मध्ये असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, म्हणून अंदाजपंचे टिचक्या मारू नका. गणितात आपली मुलं सहसा कमी पडत नाहीत. अडतात ती शब्दसंग्रहात, आणि त्याला रोजचं इंग्रजी वाचन हाच इलाज. बऱ्याच शाळांनी ही परीक्षा आता ऐच्छिक केली आहे. परीक्षा देणार असाल तर केंद्र कुठे मिळतं ते लवकर पाहा.

इंग्रजीसाठी टोफेल किंवा ड्युओलिंगोची परीक्षा. दुसरी घरी बसून देता येते. मात्र खोलीत दुसरं कुणी यायचं नाही, बोलायचं नाही, कॅमेरा सतत चालू. इन्व्हर्टर असलेलं एखादं नातेवाइकांचं घर त्या दिवसापुरतं मागून घ्या.

सातवी पायरी: निबंध, शिफारस, मुलाखत

निबंध मुलानंच लिहायचा. वडीलधाऱ्यांनी किंवा क्लासवाल्यांनी लिहिलेला निबंध लगेच ओळखू येतो. तेरा वर्षांचं मूल जागतिक शांततेवर भाषण करू लागलं की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. रोज दूध संस्थेत जाऊन फॅट आणि एसएनएफचे आकडे वहीत उतरवणारी मुलगी असेल, आणि पावसाळ्यात फॅट का उतरतं हे तिनं चाऱ्याशी ताडून पाहिलं असेल, तर तिनं तेच लिहावं. कुठली वैरण घातली, किती दिवसांत आकडा हलला, संस्थेतल्या काकांनी काय सांगितलं आणि तिला ते पटलं का नाही. तालमीत जाणारा मुलगा असेल तर त्यानं पहाटेच्या जोर-बैठकांचं कौतुक करण्यापेक्षा एखादा डाव त्याला कसा उमगला ते लिहावं. पंचगंगेचा पूर लिहायचा असेल तर बातमीतला पूर नको. आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलं आणि त्या दिवशी आपण काय काम केलं, ते हवं.

शिफारसपत्रं बहुधा इंग्रजीच्या आणि गणिताच्या शिक्षकांची, शिवाय मुख्याध्यापकांचं एक. ती शिक्षकांनी स्वतः ऑनलाइन पाठवायची असतात आणि पालकांनी वाचायची नसतात. आपल्या शाळांतल्या सरांना, मॅडमना हा प्रकार नवा असतो. दोन महिने आधी जाऊन भेटा, फॉर्म दाखवा, आणि एवढंच सांगा की "विद्यार्थी आज्ञाधारक व होतकरू आहे" अशा वाक्यांनी काम होत नाही. वर्गात घडलेला एखादा प्रसंग लिहिला तर उपयोग होतो. सरांना इंग्रजीत लिहायचा संकोच असेल तर मराठीतलं पत्र आणि त्याचं भाषांतर चालेल का, हे शाळेला विचारून घ्या.

मुलाखत ऑनलाइन असते. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो, म्हणजे त्यांची सकाळी आठची वेळ आपली संध्याकाळी साडेसहा. मूल ताजंतवानं असेल अशी वेळ मागा. न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमीत १९३० पासून हार्कनेस पद्धत चालते: लंबगोल टेबलाभोवती दहा-बारा मुलं बसतात आणि धडा बोलण्यातूनच पुढे सरकतो. इतर कित्येक शाळांनी ही रीत उचलली आहे. म्हणून मूल बोलतं का, ऐकतं का, "मला हे कळलं नाही" असं मोकळेपणानं म्हणतं का, हे मुलाखतीत पाहतात. त्याची तयारी रोज जेवताना करा. एखाद्या बातमीवर त्याचं मत विचारा, मग त्याला विरोध करा आणि त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. आपल्या घरांत मोठ्यांपुढे मुलांनी गप्प बसायची रीत आहे. या वर्षापुरती ती जरा सैल करा.

शाळा बहुधा पालकांशीही थोडं बोलते. इंग्रजी येत नसेल तर मराठीतून बोला आणि मुलाला किंवा नातेवाइकाला भाषांतर करू द्या. मोडक्या इंग्रजीची लाज नको. मात्र मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका.

एजंटांबद्दल एक शब्द. "शंभर टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. कुठलीही चांगली शाळा मदत मिळवून देण्याचे पैसे घेत नाही आणि निकालाची हमी कुणीच देऊ शकत नाही. या लेखातलं प्रत्येक काम घरी बसून, फोन आणि एक जुना लॅपटॉप यांवर होतं.

निकालानंतर

१० मार्चला चारपैकी एक उत्तर येतं. प्रवेश आणि पुरेशी मदत, म्हणजे सगळं जुळलं. प्रतीक्षा यादी, म्हणजे थांबा, पण आशेवर घर टांगू नका. नकार. आणि चौथं: प्रवेश दिला, पण मदत अपुरी. या चौथ्यात फार घरं अडकतात. तेव्हा आकडे घेऊन बसा. मदतीत काय काय धरलंय ते लेखी विचारा: विमा, पुस्तकं, सुट्टीतलं राहणं, येण्या-जाण्याचं तिकीट. तुमची परिस्थिती बदलली असेल, नोकरी गेली असेल, आजारपण आलं असेल, तर कागद जोडून फेरविचाराची विनंती करता येते. तरीही भागत नसेल तर आभार मानून नाही म्हणा. मुलीसमोर आकडे मोकळेपणानं ठेवा. तिला कारण कळलं तर ती ते पचवते.

नकाराच्या दिवसासाठी दुसरी वाट आधीच ठरवलेली असावी. कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयात शिकणारी मुलं आहेत, साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे, आपल्या गावातल्या शाळा आहेत. नववीला नाही झालं तर दहावीच्या वर्षी यूडब्ल्यूसीचा अर्ज आहेच, आणि एकदा लिहिलेले निबंध, जमवलेले कागद तेव्हा पुन्हा उपयोगी पडतात.

प्रवेश झाला तर शाळा आय-२० नावाचा कागद पाठवते. त्यावर वर्षाचा खर्च आणि शाळा देत असलेली मदत छापलेली असते. त्याच्या आधारे एफ-१ व्हिसाचा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा अर्ज. आधी सेव्हिसची, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीची तारीख. ही तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आय-२० आल्याच्या आठवड्यातच मागे लागा. मुलाखतीला मदतीचं पत्र, तुमच्या वाट्याच्या रकमेचा बँकेतला पुरावा आणि जे आर्थिक कागद शाळेला पाठवले तेच सोबत न्या. शाळेला एक आणि वकिलातीला दुसरं असं होऊ देऊ नका.

आर्थिक फॉर्म एकदाच भरून संपत नाही. मूल तिथे शिकत असेपर्यंत तो दर वर्षी नव्यानं भरावा लागतो. तेव्हा कारखान्याची बिलं, दुधाच्या चिठ्ठ्या, सोसायटीचा उतारा आणि पगाराचे कागद एका फाइलमध्ये लावत जा, आणि गळीत हंगाम संपला की त्या वर्षीचा हिशोब लगेच मांडून ठेवा.